मग त्याने खोटंखोटं विचारलं?

गेल्या महिन्यात संडे स्कूलमध्ये मुलांना बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय सांगत होते. सात ते नऊ वर्षांची मुलं, त्यामुळे सर्प आला की डोळे मोठे होतात आणि अंजिराची पानं शिवून नेसली म्हटलं की दोनतीन जण हमखास खिदळतात, तसं सगळं झालं. मग मी आवाज जरा खाली आणला. दिवस कलायला आलाय, बागेत वारा सुटलाय, देवाची चाहूल लागते आणि मनाई केलेलं फळ खाल्लेले आदाम आणि हव्वा झाडांत लपतात, आणि देव हाक मारतो, "तू कुठे आहेस?" इथे मी दर वेळी थांबते, मुलंही थांबतात, ते मला आवडतं. त्या शांततेत मागे बसलेली एक मुलगी, जी एरवी वेणीचं टोक तोंडात धरून नुसती ऐकत असते, ती म्हणाली, "टीचर, देवाला माहीत नव्हतं?" माझ्याकडे उत्तर तयारच होतं. म्हटलं, माहीत होतं गं, त्याला सगळं माहीत असतं, पण आदामने स्वतःहून कबूल करावं म्हणून त्याने मुद्दाम विचारलं. तिने वेणी तोंडातून काढली, जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे खोटंखोटं विचारलं?" वेळ संपत आली होती, दुसऱ्या वर्गाचं गाणं सुरू झालं होतं, मी म्हटलं पुढच्या वेळी बोलू आणि पुस्तक मिटलं.

पण ते "खोटंखोटं" माझ्यासोबत घरी आलं.

मुलांच्या तोंडी हा शब्द खेळातला असतो. खोटंखोटं रडायचं, खोटंखोटं पडायचं, त्यात फसवणूक नसते. पण तिने तो तसा वापरला नव्हता. मोठी माणसं उत्तर माहीत असताना जे प्रश्न विचारतात ना, हात धुतलेस का, पाटी कोणी फोडली, ते प्रश्न मुलांना वासावरून कळतात. ते प्रश्न नसतातच, सापळे असतात. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की देवही त्यातलाच का. आणि मी हो म्हणून मोकळी झाले होते. रात्री पुन्हा पहिले तीन अध्याय काढून वाचले आणि लक्षात आलं की देव यात आत्तापर्यंत आज्ञा देतो, नावं ठेवतो, आशीर्वाद देतो, चांगलं आहे म्हणतो, माणूस एकटा असणं बरं नाही म्हणतो, पण प्रश्न एकही विचारत नाही. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, सगळ्यात पहिला प्रश्न सर्पाचा आहे, देवाने खरंच असं सांगितलंय का, हा. दुसरा देवाचा. म्हणजे देवाने माणसाला विचारलेला पहिलाच प्रश्न, आणि तो जर खोटाखोटा असेल तर त्यापुढे जे काही आपण प्रकटीकरण, म्हणजे देवाने स्वतःला उघड करणं, म्हणून डोक्यावर घेतो त्याचं काय करायचं?

माझं उत्तर चुकीचं होतं असंही नाही, उलट ते फार जुनं आणि वजनदार आहे. जुन्या चर्चचा थोर बिशप ऑगस्टीन, त्याने उत्पत्तीवर १२ खंडांचं भाष्य लिहिलं, साधारण १५ वर्षं त्यावर घालवली, त्यात तो साफ म्हणतो की हा आवाज कान उघडणीचा आहे, अज्ञानाचा नाही. त्याचा गुरू अँब्रोज म्हणतो, कुठे म्हणजे जागा कुठली असं नाही, तुझी अवस्था काय झाली ते बघ. ख्रिस्ती पंडित ओरिजेन तर त्याही आधीचा, तिसऱ्या शतकातला, तो सरळ विचारतो की सूर्यच नसताना पहिला दिवस, दुसरा दिवस, संध्याकाळ, सकाळ हे कोण शहाणा माणूस शब्दशः घेईल, आणि देव संध्याकाळी बागेत फिरतो आणि आदाम झाडाखाली लपतो ही लाक्षणिक भाषा आहे याबद्दल कोणाला शंका असेल असं मला वाटत नाही. लोकांना वाटतं की उत्पत्तीकडे असं बघायचं हे डार्विनच्या धक्क्यानंतर सुचलेलं शहाणपण आहे, १८५९ नंतरची सारवासारव. तसं नाहीये. १७००हून अधिक वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेलं आहे, तेव्हा कुठल्या विज्ञानाने कोणाची मान धरली नव्हती, मजकूरच त्यांना तसं वाचायला लावत होता. चौथ्या दिवशी सूर्य येतो हे लिहिणाऱ्यालाही कळत होतं हो. किंबहुना त्याने सूर्याला सूर्य आणि चंद्राला चंद्र असं नावसुद्धा दिलेलं नाही, मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणून बाजूला ठेवलंय, कारण शेजारच्या बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, ते दोघं देव होते आणि लोक त्यांच्या पाया पडत होते. दोन दिवे आहेत, टांगलेत, बस. मला ही ओळ वाचताना दर वेळी मोकळं मोकळं वाटतं.

पण मग दुसऱ्या बाजूला बेसिल आहे. कैसरियाचा बिशप, सृष्टीच्या सहा दिवसांवर त्याने नऊ प्रवचनं दिली, आणि समोर बसलेले लोक कारागीर, हातावर पोट असलेले, प्रवचन लांबलं तर दिवसाची मजुरी बुडेल याची त्याला काळजी, तसं तो बोलूनही दाखवतो. हा म्हणतो, मला ते रूपक-बिपक ठाऊक आहे, पण मी गवत ऐकतो तेव्हा मला गवत समजतं. माझा कल डोक्याने ओरिजेनकडे आहे पण मन बेसिलकडे जातं. कारण गोष्टीतल्या प्रत्येक वस्तूचा लगेच अर्थ काढला की गोष्ट हातात उरत नाही. झाड म्हणजे अमुक, सर्प म्हणजे तमुक, वारा म्हणजे आणखी काही, आणि मग त्या मुलीला जो वारा ऐकू आला होता, तो कुठे गेला? हिब्रूत तिथे "रुआह" आहे, वारा, श्वास, आत्मा तिन्ही एकाच शब्दात. मराठीत आपल्याला निवड करावी लागते. पहिल्या अध्यायात पाण्यावर तरंगणाऱ्या देवाच्या आत्म्याला जो शब्द आहे तोच तिसऱ्या अध्यायात संध्याकाळच्या झुळकीला आहे. उलट काही ठिकाणी मराठीला नशिबाने बरोबर सापडतं, हिब्रूत "आदाम" आणि "आदामा", म्हणजे माणूस आणि जमीन, आपल्याकडे माणूस आणि माती. नर आणि नारी तर अगदीच चपखल. हे मला आईने दाखवलं होतं.

आई सहा दिवस म्हणजे सहा दिवस मानायची. तिच्याजवळचं शास्त्र जाड, काळ्या पुठ्ठ्याचं, पाठीवरचं कापड सुटलेलं, आणि वाचताना ती ओळीखालून तर्जनी फिरवायची, ओठ हलायचे, आवाज जेमतेम. उत्पत्तीच्या पहिल्या पंधरावीस पानांचा खालचा उजवा कोपरा अंगठा लागून लागून गोल झालेला आहे, तिथला कागद कापडासारखा मऊ लागतो. ते पुस्तक आता माझ्याकडे आहे. लेवीय वगैरे पुढच्या पुस्तकांची पानं अजून करकरीत आहेत हे बघून मला भरून येतं, का ते सांगता येत नाही, बहुतेक तिचं वाचन कसं होतं ते त्यात दिसतं म्हणून. तिला आदाम हा माणूस होता, होऊन गेलेला, तिच्या पणजोबांच्या पणजोबांसारखा, आणि त्याच्याबद्दल ती नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायची. "बिचारा घाबरला," असं म्हणायची. धर्मशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मला हे वाक्य मिळालेलं नाही.

कॉलेजात असताना मला बाबेलच्या जलप्रलयाबद्दल कळलं. जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस, मूळचा नोटांचे ठसे कोरणारा, ब्रिटिश म्युझियममध्ये निनवेहून आणलेल्या मातीच्या पाट्या जुळवत बसायचा, आणि १८७२ मध्ये त्याने एका पाटीवर वाचलं की एक नाव डोंगरावर टेकली आणि एकाने पक्षी सोडला, त्याला बसायला जागा मिळाली नाही म्हणून तो परत आला. बायबलमधल्या नोहाची, प्रलयातून नावेत वाचलेल्या माणसाची गोष्ट, पण नोहा नाही, आणि इस्राएलची नाही. गिल्गमेश या बाबेलच्या जुन्या महाकाव्याच्या ११व्या पाटीवर. कबुतर, मग पाकोळी, मग कावळा. मी ते वाचलं तेव्हा पायाखालचं काहीतरी सरकलं असं झालं, आणि त्या वयात अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं, घरी येऊन आईला ऐकवलं. समजावून नाही, टोचून. म्हटलं तुझी नोहाची गोष्ट उचललेली आहे, आधीच लोकांनी लिहून ठेवली होती. ती काहीतरी शिवत होती. तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारलं, "त्यांच्या गोष्टीत देव कसा आहे?"

मी सांगितलं जे वाचलं होतं ते. की एका जुन्या गोष्टीत माणसांचा गोंगाट फार झाला, देवाला झोप लागेना, म्हणून प्रलय. की पाणी चढल्यावर देवच घाबरले आणि कुत्र्यांसारखे भिंतीला अंग चोरून बसले. इश्तार देवी बाळंतिणीसारखी ओरडली. आणि पाणी ओसरल्यावर त्या माणसाने होम केला तेव्हा भुकेले देव माश्यांसारखे घोंगावत आले. आईने सगळं ऐकलं. मग उठून शास्त्र आणलं, सहावा अध्याय काढला आणि बोट ठेवलं, जिथे लिहिलंय की माणसाचं वागणं बघून देवाच्या मनाला दुःख झालं. बस एवढंच दाखवलं आणि परत शिवायला बसली. मला तेव्हा राग आला, हे काय उत्तर झालं. आज इतक्या वर्षांनी वाटतं की गोष्ट तीच राहून देव बदलतो, यालाच तर ती बोट दाखवत होती. शेजाऱ्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, चुलीजवळ सांगितली जात असणार, तीच घेतली, तोच पूर, तीच नाव, तेच पक्षी, आणि वर गोंगाटाने चिडलेला देव होता तिथे दुःखी झालेला देव आला. प्रकटीकरण असं होत असेल का? आभाळातून कोरं पुस्तक न पडता, माणसांच्या तोंडी आधीच असलेल्या गोष्टीला आतून वळण लागून?

तरी मी प्रलयाशी जुळवून घेतलेलं नाही हे इथे लिहायलाच हवं. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण जिराफाची मान खिडकीतून बाहेर काढतो, रंगीत चित्र देतो रंगवायला, आणि नावेबाहेरच्या मुलांबद्दल गप्प बसतो. पेत्राच्या पत्रात त्या पाण्याला बाप्तिस्म्याची खूण म्हटलंय, पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी रोमच्या भुयारी थडग्यांच्या भिंतींवर नोहा काढला तो छोट्याशा पेटीत उभा, हात वर पसरून प्रार्थना करणारा, आणि मृत्यूच्या त्या अंधारात त्यांना तो मरणातून वाचलेला माणूस म्हणून हवा होता, ते मला कळतं, त्यांच्या जागी मीही तोच काढला असता. पण बुडालेले बुडालेलेच आहेत. एक गोष्ट मात्र मला धरून ठेवते. सहाव्या अध्यायात माणसाच्या मनातले विचार वाईटच असतात म्हणून प्रलय येतो, आणि आठव्यात, पाणी ओसरल्यावर, देव म्हणतो की माणसाचं मन लहानपणापासूनच वाईट आहे, तेव्हा मी पुन्हा असं करणार नाही. कारण तेच. माणूस काहीच सुधारलेला नाही. जो शब्द आपण इंद्रधनुष्य म्हणून वाचतो तो हिब्रूत साधा "धनुष्य" आहे, लढाईतलं, आणि ते तो ढगात ठेवून देतो.

मराठीत यासाठी दोन शब्द हाताशी आहेत, साक्षात्कार आणि प्रकटीकरण, आणि मला त्यांच्यातला फरक बराच काळ नीट कळला नव्हता. साक्षात्कार होतो तो मला, माझे डोळे उघडतात, माझी साधना फळाला येते. प्रकटीकरणात समोरचा बोलतो, मी काही करत नसताना, लपलेली असतानासुद्धा. आणि तो बोलणार तर माझ्या भाषेतच बोलावं लागणार ना, तिचे सगळे तोकडेपण घेऊन. जुना प्रवचनकार क्रिसोस्तम त्या बागेच्या अध्यायावर बोलताना थांबून विचारतो, काय म्हणता, देव फिरतो? त्याला पाय आहेत? आणि मग सांगतो की आपल्या दुबळेपणासाठी शास्त्र एवढं खाली उतरून बोलतं. १६व्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याने यासाठी जो दाखला दिलाय तो तर मला पाठच आहे, दाई जशी तान्ह्याशी बोबडं बोलते तसा देव आपल्याशी बोलतो. इतका कडक समजला जाणारा माणूस आणि हा दाखला! उत्पत्तीच्या भाष्यात, १५५४ मध्ये, तो हेही सांगतो की शनी चंद्रापेक्षा मोठा आहे हे खगोलवाल्यांनी सिद्ध केलंय आणि ते शिकावं, पण मोशे, ज्याला उत्पत्तीचा लेखक मानतात, साध्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं ते लिहितोय. बाळाशी बोबडं बोलणारी बाई खोटं बोलत नसते. "आज्जी भूऽर गेली" म्हणताना तिचे डोळे ओले असू शकतात.

१९६५ हे वर्ष मला या बाबतीत दोन कारणांनी लक्षात राहतं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज काढला, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की देव स्वतःला प्रकट करतो आणि माणसांशी मित्रांसारखं बोलतो. आधी सत्यांची यादी आणि मग ती मान्य करायची अशी मांडणी आपल्या मनात घट्ट बसलेली असते, इथे मात्र आधी बोलणारा येतो. आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीत, स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने आपल्या नात्यातल्या एका मुलीला पत्र लिहिलं, तिला निर्मितीची गोष्ट आणि उत्क्रांती यांचा मेळ कसा घालायचा असा प्रश्न पडला होता. त्याने लिहिलं की चर्चमधला ऑर्गन आणि धूळ ओढायचं व्हॅक्यूम क्लीनर यांची तुलना करता येईल का, तशीच ही तुलना, ना मेळ ना भांडण. मला हे पटतं, बरंचसं. पण "बिचारा घाबरला" म्हणणाऱ्या बाईला ते सांगून काय मिळणार होतं असंही वाटतं. तिला ऑर्गन ऐकू येत होता.

आणि हव्वेचं काय, हा एक वेगळाच काटा आहे. तर्तुल्यन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने स्त्रियांना उद्देशून लिहिलं की तुम्ही सैतानाचं दार आहात. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून दोन दिवस उघडलं नाही. मजकुरात तसं काही नाहीये, आदाम तिच्याबरोबरच होता असं लिहिलंय, गप्प उभा, फळ घेतलं आणि खाल्लं. सफरचंदही नाही, ते लॅटिनमधल्या वाईट आणि सफरचंद या दोन शब्दांच्या सारखेपणाने चिकटलं. सैतानही नाही, नुसता सर्प, धूर्त प्राणी, त्याला सैतान प्रकटीकरण नावाच्या पुस्तकात म्हटलंय, बायबलच्या पार शेवटी. किती थर चढवलेत आपण एका अध्यायावर, काही उजेडाचे, काही नुसते अंगावर येणारे, आणि ख्रिस्ती वाचन म्हणजे हे सगळे थर मिळूनच होतं हेही खरं. त्या थरांमधला मला सगळ्यात जवळचा आयरेनियस, दुसऱ्या शतकातला, लिऑनचा बिशप. त्याच्या मते आदाम आणि हव्वा मुलं होती. परिपूर्ण घडवून मग कोसळलेले राजाराणी नव्हेत, अजून वाढायची होती, समज यायची होती, म्हणून फसली. हे वाचलं की त्या झाडाआडचं चित्रच बदलतं. गुन्हेगार दबा धरून बसलेत असं दिसत नाही, दोन मुलं श्वास रोखून बसलेली दिसतात, अंगाला पानं टोचतायत. आणि अध्याय संपता संपता देव त्यांच्यासाठी चामड्याचे कपडे करतो आणि स्वतः त्यांना घालतो. बाहेर काढायच्या आधी. हे आईला फार आवडायचं.

तर पुन्हा त्या प्रश्नाशी. कुठे आहेस, हा अख्खा प्रश्न हिब्रूत एकच शब्द आहे, "अय्येका". हिब्रू मूळ लिपीत फक्त व्यंजनं लिहायचे, स्वर वाचणाऱ्याने भरायचे. आणि हीच चार अक्षरं, जशीच्या तशी, विलापगीताच्या पुस्तकाच्या पहिल्या शब्दात आहेत, तिथे ती "एखा" अशी वाचतात, म्हणजे "कसं हे, अरेरे कसं", नगरी ओसाड पडलीय, माणसांनी भरलेली नगरी एकटी बसलीय. यहुदी गुरूंनी हे फार पूर्वी हेरलं होतं, ते म्हणतात की बागेतला तो शब्द असाही वाचावा. हे मला त्या आठवड्यात पुन्हा समोर आलं आणि मी खुर्चीत मागे टेकून बसून राहिले. ऑगस्टीनने कान उघडणी ऐकली, त्याच चार अक्षरांत दुसऱ्यांना हुंदका ऐकू आला. माहीत असणं आणि खरंखरं विचारणं एकत्र असू शकतं की. मूल कुठल्या खोलीत दार लावून बसलंय ते माहीत असतं, तरी आपण बाहेरून हाक मारतो, आणि ती हाक मारताना आपला आवाज काही नाटकी नसतो. उत्तर काय येईल ते मात्र माहीत नसतं, आणि ते आपल्या हातातही नसतं.

असे "कुठे" पुढेही येतात. चौथ्या अध्यायात आदामच्या मुलाला, काइनला, तुझा भाऊ हाबेल कुठे आहे. हाबेल त्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही, फक्त त्याचं रक्त ओरडतं. आणि काइन भावाला काय म्हणाला तेही हिब्रूत नाही, "काइन हाबेलला म्हणाला" आणि पुढे रिकामं, थेट शेतातला खून. बऱ्याच भाषांतरांत "चल, शेतात जाऊ" असं आहे ते जुन्या ग्रीक भाषांतरातून आलेलं. मला ती रिकामी जागाच खरी वाटते. मग १६व्या अध्यायात हागार, अब्रामची बायको साराय हिची दासी, पळून आलेली, पोटुशी, रानात पाण्याजवळ बसलेली, तिला देवदूत विचारतो, कुठून आलीस आणि कुठे चाललीस. तोपर्यंत साराय आणि अब्राम तिला दासीच म्हणत होते, नाव कोणी घेतलं नव्हतं, नाव घेऊन विचारणारा हा पहिला. आणि तीच पहिली जी देवाला नाव देते, मला पाहणारा. परकी बाई, गुलाम बाई. प्रकटीकरण कोणाला झालं याची यादी करताना तिला आपण विसरतो.

इस्तंबूलमध्ये कोरा नावाचं जुनं चर्च आहे, आता मशीद झालेलं, तिथल्या एका अर्धघुमटात १४व्या शतकाच्या सुरुवातीचं भित्तिचित्र आहे, त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये गेली कित्येक वर्षं आहे. वधस्तंभावर मेल्यानंतर आणि पुनरुत्थानाच्या आधी ख्रिस्त मेलेल्यांच्या जगात उतरतो ते चित्र. पायाखाली अधोलोकाची दारं मोडून पडलीत, कुलपं आणि किल्ल्या विखुरल्यात, आणि पांढऱ्या कपड्यातला तो दोन्ही हातांनी आदामला आणि हव्वेला त्यांच्या थडग्यांतून उपसून काढतोय. हव्वा लाल वस्त्रात. मी मोठं करून बघितलं होतं, त्याने त्यांचे हात धरलेले नाहीत, मनगटं धरलीत. आदामची बोटं सैल लोंबतायत. पवित्र शनिवारी वाचलं जाणारं एक फार जुनं प्रवचन आहे, कोणी लिहिलं ते निश्चित माहीत नाही, त्यात म्हटलंय की आज पृथ्वीवर मोठी शांतता आहे आणि तो आपल्या पहिल्या बापाला शोधायला गेलाय, हरवलेल्या मेंढरासारखं. शोधायला. बागेत हाक मारली तेव्हापासून शोधतच होता, असं मी ते वाचते. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवतो ते मी युक्तिवाद म्हणून अनेकदा शिकले आणि शिकवलं, पण मला ते कळलं त्या मनगटांवरून.

दोन रविवारांनी ती मुलगी परत आली, मध्ये एक आठवडा आजारी होती. वर्ग संपल्यावर मी तिच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, तू विचारलं होतंस ना, त्याने खोटंखोटं विचारलं का, त्या दिवशी मी घाईत उत्तर दिलं होतं. मला वाटतं खरंखरं विचारलं. माहीत होतं तरी खरंखरं. तिने मान हलवली, पटल्यासारखी का सहज ते कळलं नाही. मग म्हणाली, "तो काय म्हणाला मग?" मी आईचं शास्त्र उघडलं, तो मऊ कोपरा, आणि तिच्यासाठी सावकाश वाचलं, की मी बागेत तुझा आवाज ऐकला, आणि मी उघडा होतो म्हणून घाबरलो, आणि लपलो. ती पुढे वाकून माझ्या बोटाखालची ओळ बघत होती.

"पण टीचर, तो कुठे आहे ते त्याने सांगितलंच नाही."

मी पुन्हा वाचलं. खरंच, सांगितलेलं नाही.